जाऊबाई, घर तुम्ही सोडवलंत

जाऊबाई, काल तुमची तेरवी झाली. बुंदी केली, आणि तुरीच्या डाळीचं दाट वरण केलं. वरून तूप वाढलं. पाहुणे उठून गेल्यावर पातेल्यात बरंच वरण उरलं होतं. तुम्ही असता तर बोलला नसता, नुसती मान हलवली असती, आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी ओतून तेच आमच्या पुढ्यात आणलं असतं. आज सकाळी मी तसंच केलं. घरात कोणीही कुरकुर केली नाही.

शेजारच्या बाया आल्या होत्या. म्हणाल्या, "घर राखलं बाईनं." मी हो म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण घर राखताना काय काय गेलं ते त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला होतं, मला होतं, आणि एका चुलीवर तेरा वर्षं काढूनही आपण दोघी त्याबद्दल धड बोललो नाही. आता बोलते. तुम्ही उत्तर देणार नाही, पण तसं तुम्ही आधीही कुठे देत होता.

शेवटच्या तापात तुम्हाला न विचारता डॉक्टर आणला, म्हणून तुम्ही माझ्याकडे पाठ करून निजलात. डॉक्टरांनी छाती तपासली, सुई दिली, बाहेर जाऊन ह्यांच्याशी हळू आवाजात बोलले. ते दारातून गेले तसं डोळे न उघडता तुम्ही विचारलंत, "किती घेतले?" मी निम्मे सांगितले. तेवढेही तुम्हाला जास्त वाटले. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात, आणि मधल्या वेळात जे बोललात ते सगळं तापातलं होतं. म्हणजे माझ्याशी शुद्धीत बोललेलं शेवटचं वाक्य ते. मी त्यावर खोटं बोलले. ते बरं केलं की वाईट, हे अजून मला ठरवता येत नाही.

स्वराज्य आलं त्या वर्षी मी लग्न होऊन ह्या घरात आले. तेव्हा आपण भाडेकरू होतो. माझे भासरे, म्हणजे तुमचे मालक, रेल्वेच्या यार्डात पाइंटमन. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची, डबे जोडायचे, सोडायचे, आठ-आठ तास रुळांवरून चालायचं. माझे हे राइस मिलमध्ये पोत्यांचा हिशेब ठेवायचे. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात बाई म्हणून तुम्ही, आणि तुमच्या मागे मी. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. "लहाने" म्हणायचात.

घरमालक म्हातारा मुलाकडे नागपूरला जायला निघाला. म्हणाला, तुम्ही घेता का घर, नाही तर दुसऱ्याला देतो. त्या वेळी गोंदियात जागा मिळणं सोपं नव्हतं. तुमचे दागिने गेले, माझे नवे कोरे गेले, दोघा भावांजवळ होतं नव्हतं ते गेलं, आणि तरी अर्धी रक्कम कमी पडली. ती सावकाराकडून घेतली, त्याच घरावर. गहाणखताची मुदत दहा वर्षं. दहा वर्षांत फिटलं नाही तर घर सावकाराचं. हे कागद वाचून दाखवत होते तेव्हा भासरे ओसरीत बसले होते. म्हणाले, "दहा साल लई झाले बाप्पा. दोघं कमावतो. खात-पीत फिटते."

तुम्ही आतून म्हणालात, "पाच."

पुरुषांच्या बोलण्यात तुम्ही मध्ये बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी समजावलं की वहिनी, महिन्याचा हप्ता दिला की झालं, सावकार काही दारात येऊन बसणार नाही. तुम्ही म्हणालात, "हप्त्यातलं सारं व्याजात जाऊन राहते. मुद्दल हालत नाही. मुद्दलात भरा लागते." शाळेचं तोंडही न पाहिलेल्या तुम्हाला हे कसं कळलं, असं मला तेव्हा वाटलं. पुढे कळलं.

त्या दिवसापासून घरातली एकेक गोष्ट कमी होत गेली. चहा आधी एक वेळ झाला, मग पाहुणा आला तरच, मग पाहुणा आला तरी नाही. साखरेचा गूळ झाला. जवसाचं तेल भाजीत पडायचं ते तव्यावर बोट फिरवण्यापुरतं उरलं. घासलेट वाचावं म्हणून दिवस असतानाच जेवणं. यार्डाच्या कडेला इंजिनातून पडलेले अर्धे जळके कोळसे वेचायला तुम्ही सकाळी टोपली घेऊन जायचात. पाइंटमनची बायको कोळसे वेचते म्हणून भासऱ्यांना साथीदार हसले. त्यांनी घरी येऊन तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हासू द्या. सैपाक त्याइच्या घरी कराचा हाय काय?" मिलमधून ह्यांना कणी स्वस्तात मिळायची, तेव्हापासून अख्ख्या तांदळाचा भात मी फक्त दुसऱ्याच्या घरी पाहिला. दिवाळीला एक लुगडं, तेही एका वर्षी तुम्हाला, एका वर्षी मला. सुरुवात तुम्ही माझ्यापासून केलीत, हे सांगायला हवं.

मला राग यायचा. नवी नवरी होते. मी भंडाऱ्याची, सातवीपर्यंत शिकलेली, घरात बापाची लाडकी. मला वाटायचं की हप्ता वेळेवर जातो आहे, मुदत पडली आहे दहा वर्षांची, मग हे उपास कशासाठी? माझी वीस ते तीस ही वर्षं पुन्हा येणार आहेत का? हे ह्यांच्याशी बोलले तर ते म्हणायचे, "वहिनीपुढे आपलं चालत नाही."

मंडईच्या दिवसांत तर कहर झाला. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, रात्रभर दंडारीचा नाच-खेळ चालतो, लेकी-बाळी, भाऊ, व्याही, सगळे जमतात, घराघरांत चूल विझत नाही. त्या वर्षी तुम्ही तुमच्या भावाला निरोप धाडलात, यंदा येऊ नको. मी माझ्या भावाला तसा निरोप पाठवला नाही. तो बायको-मुलांना घेऊन आला. तुम्ही त्यांना कणीचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण वाढलंत. माझ्या भावजयीनं वरणात बोट बुडवून ताट बाजूला सारलं. ती माणसं गेल्यावर मी तुम्हाला पहिल्यांदा उलटून बोलले. म्हटलं, "तुमचा भाऊ येत नाही तर माझ्याही भावानं येऊ नये, असंच ना?"

तुम्ही भांडी घासत होता. मग सांगितलंत.

तुमचे वडील कोष्टी. गोरेगावजवळच्या खेड्यात त्यांचं घर, घरात माग. घर गहाण पडलं होतं आणि त्यांनी मुदतीवर भरवसा ठेवला. दरसाल व्याज देत गेले. तुम्ही परकरी पोर होता तेव्हा मुदत संपली. "लोक आले अन् माग भाईर काढून ठेवला," तुम्ही म्हणालात. "मागावर अर्धं लुगडं विनलेलं होतं. बाप रस्त्यावर बसून तेच विनाले लागला. लोक पाहून राहिले. आमी समोरच्या घरच्या पडवीत. दोन दिवस विनलं त्यानं. मंग पानी आलं."

एवढंच. त्यानंतर तुमचे वडील किती जगले, घर कोणाचं झालं, मी विचारलं नाही. तुम्ही राख घेऊन पुन्हा पातेलं घासायला लागलात. भावाबद्दलचं माझं बोलणं मी परत घेतलं नाही, पण पुन्हा काढलंही नाही.

मग कंट्रोलचे दिवस आले. धान्य रेशनवर. बाहेर बाजारात तांदूळ इतका चढला की मिलची कणीसुद्धा मालक मोजून देऊ लागला. मी तेव्हा गरोदर होते. तूरडाळ सोन्याच्या भावात. स्वस्त काय होतं तर लाखोळी, तुमच्या तोंडी लाखोरी. धान कापल्यावर त्याच बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, ती पेरतात, पाणी लागत नाही, राखण लागत नाही. आपल्या मुलखात कोण खात नाही ती? पाला सुकवून भाजी करतात, डाळीचे वडे करतात. तुमच्या माहेरी खात, माझ्याही माहेरी अधूनमधून होत असे. तुम्ही गोरेगावच्या बाजारातून लाखोळीचं पोतंच आणवलंत. डाळ तिची, आणि पीठ दळून भाकरीही तिची.

पण सगळ्यांना नाही. हे मला नीट सांगू द्या, कारण हेच कोणाला माहीत नाही. घरात थोडी तूर होती, थोडी कणी होती. मी पोटुशी म्हणून तूर माझ्या ताटात. ह्यांचं पोट नाजूक, म्हणून कणी ह्यांच्या ताटात. पुढे शांता झाली, मी पाजती होते, तेव्हाही तूर माझ्याच ताटात. लाखोळी तुम्ही आणि भासरे खायचात. सकाळी, संध्याकाळी. भासऱ्यांना तर कामावर न्यायला फडक्यात बांधून चार भाकरी. ते खूश होते. म्हणायचे, "भातानं पोट लवकर रिकामं होते. हे टिकते." ते धिप्पाड गडी, भूक मोठी. तुम्ही त्यांना पोटभर वाढायचात. ह्या घरात तेवढ्या एका गोष्टीत तुम्ही हात आखडला नाही.

उन्हाळा संपता संपता त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मग पाय जड वाटतात म्हणाले. तुम्ही तेल गरम करून चोळायचात, भाजीत न घातलेलं तेल. पाऊस लागला तेव्हा ते चवड्यांवर चालायला लागले होते, गुडघ्याला गुडघा घासत. कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं ओलीत उभं राहून राहून झालं. देवरीकडच्या जंगलातून कोणी मुळी आणून दिली, ती उगाळून लावली. एक दिवस यार्डात डबे मागे येत होते आणि भासऱ्यांना रुळावरून पाय उचलता येईना. जमादारानं बखोटीला धरून ओढलं म्हणून वाचले. दोन माणसांनी धरून घरी आणलं. ओसरीत बसवलं. तुम्ही पाणी आणून दिलंत. भासरे म्हणाले, "पाय आयकत नाही व माझं."

रेल्वेच्या डॉक्टरनं कामाला नालायक म्हणून लिहून दिलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, असंही सांगितलं. तुम्ही लगेच निघालात, तेव्हा पैशाचा प्रश्न काढला नाहीत. हे, भासरे, तुम्ही आणि तान्ह्या शांताला घेऊन मी. घरी एकटी कशी राहू म्हणून मलाही घेतलं.

तिथला डॉक्टर वयस्कर होता. त्यानं पाय ठोकून पाहिले, उभं करून पाहिलं, आणि विचारलं, "हा काय खातो?"

तुम्ही म्हणालात, "आमी खातो तेच."

"लाखोळी खाता?"

तुम्ही मान हलवलीत.

"भाकरीसुद्धा? रोज? किती महिने?"

उत्तर ह्यांनी दिलं. डॉक्टर रागावला नाही. त्यानं सांगितलं, थोडी खाल्ली तर काही होत नाही, पण दुसरं काही नसताना तीच तीच पोटभर खाल्ली तर पाय जातात. राबणाऱ्या पुरुषांचे जास्त जातात. आमच्याकडे तुमच्या भागातली अशी माणसं येतात. गेलं ते परत येत नाही, पण डाळ बंद केली तर वाढणारही नाही. औषध नाही. मग तो पुढच्या रोग्याकडे गेला.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात. भासरे समोरच्या बाकावर, पाय लांब करून. दिवस कलला. तुम्ही शिदोरीचं फडकं सोडलंत आणि आपण सगळ्यांनी पाहिलं की आत लाखोळीच्या भाकरी आहेत. सकाळी निघताना तुम्हीच थापल्या होत्या. तुम्ही एक भाकर उचललीत आणि खिडकीबाहेर टाकलीत. मग दुसरी. अशा सगळ्या टाकल्यात. ताटाखाली सांडलेलं शीत उचलून खाणारी बाई, तिला मी अन्न फेकताना पाहत होते. तुमसर रोडला गाडी थांबली तशी तुम्ही कंबरेची पिशवी सोडलीत आणि पुरीवाल्याकडून पुऱ्या घेतल्यात, आणि भासऱ्यांच्या हातात दिल्यात. आम्हालाही दिल्यात. स्वतः घेतली नाही. मी पुढे केली तर म्हणालात, "मले भूक नाही." गोंदिया येईपर्यंत तुम्ही बाहेरच पाहत होता. बाहेर बांध्याच बांध्या, धान हिरवं झालेलं.

आणि इथून आपलं मोठं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही.

रेल्वेकडून भासऱ्यांच्या फंडाचे पैसे मिळाले. एकरकमी. मी म्हटलं, हे ठेवून द्या. मुदत अजून अर्ध्याच्या वर बाकी आहे, हप्ता ह्यांच्या पगारातून जाईल, मी मुलींच्या शाळेत शिकवायला जाईन, अर्ज केला आहे. ह्या पैशातून भाऊजींना दूध लावा, चांगलं खाऊ घाला, चाकांची एखादी गाडी करून घ्या, म्हणजे ते बाजारापर्यंत तरी जातील. त्यांच्या पायांचे पैसे आहेत, ते त्यांच्यावर खर्च होऊ द्या. मी रडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "शाळंत जा. पोरगी मी पाहीन. पन पैसा मुद्दलात जाईल."

"काऊन?" मी विचारलं. तुमच्या बोलीत विचारलं, तुम्हाला लागावं म्हणून.

"आता एकच कमावते घरात. उद्या त्यालेबी काही झालं तर? ह्या मानसाले घेऊन मी रस्त्यावर कुठं बसू?"

भासऱ्यांना कोणी विचारलं नाही. ते ओसरीत होते, सगळं ऐकत होते. मी त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ओढून वावरायची, भासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. माझं काही त्यांना सांगायचं असलं की ते तुमच्यामार्फत जायचं. मग हे तुमच्यामार्फत कसं पाठवू? पैसे सावकाराकडे गेले. मी शाळेत लागले, त्यातलाही बहुतेक पगार सावकाराकडे गेला. पाचवं वर्ष सरायच्या आत घर सुटलं. तुम्ही म्हणाला होता तसं.

गहाणखत परत मिळालं त्या दिवशी मला वाटलं आता काही गोडधोड होईल. तुम्ही सुताराला बोलावलंत. पुढच्या दाराचा उंबरठा काढायला लावलात. सुतार हात आखडून उभा राहिला. मीही म्हटलं, "जाऊबाई, उंबरठ्याशिवाय घर? लोक काय म्हणतील? लक्ष्मी कुठून येईल?"

तुम्ही म्हणालात, "ज्याच्यासाठी घर घेतलं, त्याले उचलून आत न्या लागते. काढ रे."

तेव्हापासून भासरे बुडावर सरकत, हातांवर भार देत, कोणाला हाक न मारता आत-बाहेर करू लागले. मोकळ्या झालेल्या घरात तुम्ही केलेला पहिला खर्च तो. मी मागितलेली गाडी पुढे दोन वर्षांनी केलीत, हेही खरं. पण ती दोन वर्षं त्यांनी ओसरीच्या पलीकडचं जग पाहिलं नाही. मला ते अजून सोडवत नाही. तुमच्याकडे उत्तर होतं, माझ्याकडेही होतं. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, हे मला आता कळतं. कळल्यानं काही हलकं होत नाही.

तुमच्या भीतीवर हसायचीही मला सोय राहिली नाही. पुढे मिलमध्ये पोत्यांची थप्पी ह्यांच्या अंगावर आली आणि हे सहा महिने घरात पडून होते. माझ्या एका पगारावर पाच माणसं. त्या सहा महिन्यांत घरावर कर्ज असतं तर? त्या वेळी हा विचार माझ्या मनात रोज यायचा आणि मी तुम्हाला तो एकदाही बोलून दाखवला नाही. तेवढं श्रेय द्यायला माझी जीभ रेटली नाही. आज देते. शांता ह्या घरात वाढली. तिला तुम्ही न्हाऊ-माखू घातलंत, मी शाळेत असताना. तिला वरणभात भरवलात, तुरीचं वरण. तिचे पाय धड आहेत, माझेही आहेत. कोणाच्या ताटामुळे, ते मला ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट. नागपूरहून आल्यावर घरात लाखोळी बंद झाली, असं सगळे समजत होते. एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी दुपारी घरी आले. तुम्ही चुलीमागे बसून जेवत होता. ताटात लाखोळीची भाकर होती आणि तिचंच पिठलं.

मी विचारलं, "हे काय खाऊन राहिल्या?"

"पोत्यात उरली हाय. फेकू काय?"

मला गाडीतल्या भाकरी आठवल्या. पोतं संपलं. पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा थोडी आणलीत. मी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा काहीतरी सांगितलंत. अशी किती वर्षं खाल्लीत? मी म्हणायची, तुमचेही पाय जातील. तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे." कधी म्हणायचात, "मले काई होत नाही, पाह्य." आणि खरंच काही झालं नाही. तापानं आडव्या होईपर्यंत तुम्ही विहिरीचं पाणी भरत होता. तुम्ही ते कशासाठी खात होता, जाऊबाई? डॉक्टर चुकला, डाळीनं काही होत नाही, हे स्वतःला पटवायला? की त्यांच्यासारखं व्हावं म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. तुम्ही गेल्यावर तुमचे पाय मी धुतले, हळद लावली. घोटे, पोटऱ्या, सगळं घट्ट, कामाचं. मला ते पाय पाहवेनात.

आज दुपारी हे आणि शांता तुमच्या अस्थी घेऊन गेलेल्या माणसांना आणायला स्टेशनवर गेले होते. घरात भासरे आणि मी. मी ताट घेऊन ओसरीत गेले. आजवर ताट तुम्ही न्यायचात. मी खाली ठेवून वळले, तर ते म्हणाले, "लहाने, बस."

मी बसले, थोडी लांब.

"तिनं तुझ्याजवर कधी काही म्हटलं काय? माझ्या पायाचं?"

"नाही."

"मलेबी नाही. दहा साल झाले." ते ताटाला हात न लावता बोलत होते. "मले माहीत होतं, ती वाट पाहून राहिली. मी एकडाव म्हनीन, तुझ्यानं माझे पाय गेले. मी नाही म्हटलं. वाटे, कायले दुखवाचं तिले? तिनं वाढलं, मी खाल्लं. भूक तं माझीच होती ना."

मी म्हटलं, "तुम्ही चांगलं केलं, भाऊजी."

"नाही केलं," ते म्हणाले. "ती मांगं बसून तीच डार खात होती, मले वास येत नोहता काय? म्हनाले पायजे होतं. एकडाव शिव्या देल्या असत्या तं ती रडली असती, भांडली असती माह्याशी, अन् मंग सोडून देलं असतं तिनं. मी गप राहिलो, अन् ती खात राहिली."

मी म्हटलं, "आता म्हणा."

ते आतल्या दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता कोनाले म्हनू?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. भात कालवला. ते जेवून होईपर्यंत मी समोर बसून राहिले.